प्रतींचा पसारा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या इंदूरच्या घरात आवराआवरीला आरंभ होतो. माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात, चिंचेने घासून लख्ख होतात. गाद्यांना ऊन दाखविले जाते, जुन्या पावत्यांची भेंडोळी सोडून पुन्हा बांधली जातात, आणि वर्षभर ‘असू द्या, लागेल कधीतरी’ म्हणून जपलेल्या रिकाम्या डब्यांवर एकदाची गदा येते. या वार्षिक सफाईतून एक वस्तू मात्र आजवर सुटत आली होती. कपाटाच्या खणात, दस्तऐवजांच्या पाकिटाशेजारी, तळहातावर मावेल अशी एक काळी डबी पडून असे. संगणकाला बाहेरून जोडावयाची ती हार्ड डिस्क. तिच्यावर धूळ बसत नाही, तिला झुरळ लागत नाही, तिचा वासही येत नाही. त्यामुळे आत किती पसारा साचला आहे याची जाणीव व्हावयास घरात कुणालाच कारण पडले नाही.

२०२४ च्या दिवाळीआधी ते कारण पडले. पुतण्याच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर ठेवावयास घेतले आणि जागा पुरत नसल्याचा निरोप पडद्यावर झळकला. आम्ही चकित झालो. दुकानदाराने ती १ टेराबाइटची म्हणून दिली होती आणि ‘तुमच्या नातवंडांनाही पुरेल’ असे वर आश्वासन दिले होते. नातवंड अजून एकच, आणि तेही चार वर्षांचे!

आत डोकावून पाहिले तो एकाच मुंजीचे फोटो पाच ठिकाणी. एक संच ‘मुंज’ या फोल्डरात, दुसरा ‘मुंज नवीन’मध्ये, तिसरा ‘मोबाइल २०१७’मध्ये, चौथा ‘सर्व जुने’ यात, आणि पाचवा ‘नवीन फोल्डर (३)’ अशा निनावी जागी. बटू तोच, पळीपंचपात्र तेच, आणि मातृभोजनाच्या वेळी डोळे मिटलेल्या मावशीही त्याच, पाच वेळा.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी याहून वेगळी स्थिती असेल असे वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांत नातलग चार गावी विखुरलेले असतात. कार्य एका घरी होते आणि त्याचे फोटो दहा घरी फिरतात. फिरून ते पुन्हा मूळ घरी येतात, आणि दर वेळी नव्या नावाने नांदू लागतात. म्हणून या सफाईत आम्ही जे शिकलो, आणि त्याआधी एकदा घाईने जे गमावून बसलो, ते येथे सविस्तर सांगावे असे मनात आले.

एक चूक

आधी चुकीबद्दल.

२०११ च्या हिवाळ्यात आम्ही आमच्या ती. आईंचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घेतले होते. त्यांचे माहेर देवासचे. त्यांचे आजोबा देवासच्या थोरल्या पातीच्या संस्थानात कारकून होते. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये कशी नांदत, घरात मराठी, अंगणात माळवी आणि कचेरीत तिसरीच भाषा कशी चाले, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. जात्यावरच्या ओव्याही पुष्कळ येत. तीन दुपारी, तीन बैठकांत, मुठीत मावणाऱ्या एका यंत्रावर आम्ही ते सारे टिपून घेतले. प्रत्येक बैठकीनंतर फाइल संगणकात उतरवून यंत्र रिकामे करीत असू.

येथेच पुढच्या अनर्थाचे बीज पडले. रिकामे झालेले यंत्र आपली मोजणी पुन्हा एकापासून सुरू करी. त्यामुळे तिन्ही बैठकांच्या फाइलींना एकच नाव मिळाले. त्या एका फोल्डरात ठेवताना संगणकाने विचारले, की जुनी पुसून नवी ठेवू, की दोन्ही ठेवू? आम्ही दोन्ही ठेवावयास सांगितले. त्याने दुसरीच्या नावापुढे कंसात दोनचा आकडा घातला आणि तिसरीच्या नावापुढे तीनचा.

२०१५ साली आई गेल्या. २०१९ मध्ये आम्ही त्या डिस्कची पहिली सफाई केली. सफाई कसली, सपाटाच तो! नावापुढे कंसात आकडा दिसला की ती दुसरी प्रत, असे समीकरण आम्ही मनाशी बांधले आणि एका संध्याकाळी तसल्या शेकडो फाइली पुसून टाकल्या. बरीच जागा मोकळी झाली याचे त्या रात्री समाधानही वाटले.

२०२१ मध्ये आईंच्या श्राद्धतिथीला सर्व मंडळी जमली असता कुणीतरी म्हणाले, ‘त्यांच्या ओव्या लावा.’ डिस्क जोडली. पहिली बैठक वाजली. दुसरी नव्हती. तिसरीही नव्हती.

त्या वेळी घरात पसरलेली शांतता आम्ही विसरू शकत नाही. सौ.ने एवढेच विचारले, ‘पुसण्याआधी ऐकल्या नव्हत्या का हो?’ या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ग्वाल्हेरला दूरध्वनी केला. आमची थोरली बहीण तेथे लष्कर भागात राहते. तिला हकिकत सांगितली. ती म्हणाली, ‘अरे, सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी तूच नाही का सगळ्यांना सीडी वाटल्यास? माझी अजून देवघराच्या कपाटात आहे. थांब, शोधते.’

२०१२ साली वाटलेल्या त्या सीडीचे आम्हांस साफ विस्मरण झाले होते. आक्काने ती पुठ्ठ्यात बांधून पाठविली. घरातल्या नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नव्हता, म्हणून शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडावयाचा कप्पा मागून आणला. तिसरी बैठक सुखरूप मिळाली. दुसऱ्या बैठकीच्या मध्यावर मात्र सीडीला चरा होता. एकविसाव्या मिनिटाला आईंचा आवाज थांबतो, तो ओवीच्या दुसऱ्या चरणावर. पुढे काय होते ते आता कुणालाच कळावयाचे नाही. आम्ही ती बैठक एकदाच ऐकली होती, आणि आक्का त्या दुपारी घरात नव्हती.

तेव्हा, जिला आम्ही अनावश्यक प्रत समजलो ती प्रतच नव्हती, आणि जिची आठवणही राहिली नव्हती त्या खऱ्या प्रतीने आम्हांस वाचविले. पुढील सर्व विवेचन या एका अनुभवावर उभे आहे.

नावावर जाऊ नये

या खेपेस पुण्याहून आलेल्या पुतण्याने कामाला हात लावण्यापूर्वीच आम्हांस बजावले, ‘काका, नाव बघू नका. आत काय आहे ते बघा.’

फाइलीचे नाव हे केवळ वरचे लेबल होय. लोणच्याच्या बरणीवर ‘साखर’ लिहिले म्हणून आतले लोणचे गोड होत नाही. डिजिटल कॅमेरे फोटोंना चार आकडी क्रमांक देतात आणि ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून आरंभ करतात. म्हणजे काही वर्षांच्या अंतराने एकाच कॅमेऱ्यातून एकाच नावाचे दोन निराळे फोटो निघणे अगदी स्वाभाविक आहे. उलट, एकच फोटो दहा नावांनी दहा ठिकाणी पडलेला असू शकतो.

देवनागरी नावांच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ संगणकात दोन रीतींनी साठविता येतो. एका रीतीत तो एकच स्वतंत्र अक्षरचिन्ह असतो. दुसऱ्या रीतीत साधा र आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे मिळून तो होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ॲपलच्या संगणकांवर दीर्घकाळ वापरात असलेल्या जुन्या पद्धतीत नावे दुसऱ्या रीतीने मोडून ठेवली जात. अन्य संगणकांवर बहुधा पहिली रीत चाले. म्हणून मुलाच्या संगणकावरून आलेली ‘दुसऱ्या दिवशीचे फोटो’ आणि आपली ‘दुसऱ्या दिवशीचे फोटो’ एकाच ठिकाणी शेजारी शेजारी बसलेली आढळली तर तो दृष्टिभ्रम समजू नये.

संगणक प्रती कशा ओळखतो

मग दोन फाइली खरोखर एक आहेत हे ठरवावे कसे? रीत तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी आकारमानाची. प्रत्येक फाइल किती बाइटांची हे संगणकाला आयतेच ठाऊक असते. दोन फाइलींत एका बाइटाचाही फरक असेल तर त्या एकसारख्या असूच शकत नाहीत. या एका चाळणीतच बहुसंख्य फाइली बाजूला पडतात, आणि त्यासाठी फाइल उघडावीही लागत नाही.

दुसरी पायरी ठशाची. समान आकारमानाच्या ज्या फाइली उरतात त्यांतला मजकूर पहिल्या बाइटापासून शेवटच्या बाइटापर्यंत वाचून त्यावरून गणिताने एक ठरावीक लांबीचा आकडा काढला जातो. त्याला इंग्रजीत हॅश म्हणतात. आपण त्याला फाइलीच्या अंगठ्याचा ठसा म्हणू. आज रूढ असलेल्या ‘शा-२५६’ या पद्धतीचा ठसा ६४ चिन्हांचा असतो. फाइल चार ओळींच्या पत्राची असो वा तीन तासांच्या चित्रफितीची, ठसा तेवढाच. पत्रातला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सबंध ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. संभाव्य ठशांची संख्या ७८ अंकी असल्यामुळे दोन भिन्न फाइलींचा ठसा योगायोगाने जुळणे व्यवहारात अशक्यच मानतात.

या कामी पूर्वी ‘एमडी-५’ नावाची पद्धत सर्रास वापरीत. तिचा तपशील १९९२ साली प्रसिद्ध झाला. मात्र २००४ मध्ये संशोधकांनी एकच ठसा असलेल्या दोन भिन्न फाइली मुद्दाम घडवून दाखविल्या. तिच्यानंतरच्या ‘शा-१’ पद्धतीचीही २०१७ मध्ये तीच गत झाली. घरच्या फोटोंत असा घातपात करावयास कुणी येणार नाही हे खरे, परंतु अधिक भरवशाची पद्धत फुकट उपलब्ध असता जुनी वापरण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी प्रत्यक्ष मेळाची. ठसे जुळलेल्या दोन फाइली शेजारी ठेवून बाइटामागून बाइट ताडून पाहावयाचे. काही प्रोग्राम हे आपण होऊन करतात.

असे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. ‘डुपगुरू’ आणि ‘च्काफ्का’ ही त्यांतली दोन परिचित नावे. दुसऱ्याचा पोलिश भाषेतला अर्थ ‘उचकी’ असा आहे हे कळल्यावर सौ.ला फार हसू आले. काम मात्र शांतपणे चालते. १ टेराबाइटची भरलेली डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने सबंध वाचावयाची म्हटली तर सुमारे पावणेतीन तास लागतात, आणि बारीकसारीक फाइली असंख्य असल्या तर याहून अधिक. तेव्हा हे काम रात्री लावून निजावे हे उत्तम.

सारखे आणि एकच

ठशाची रीत अचूक खरी, पण तिची एक मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. ती ‘एकच’ ओळखते, ‘सारखे’ ओळखत नाही.

व्हॉट्‌सॲपवरून नेहमीच्या रीतीने धाडलेला फोटो वाटेत लहान केला जातो. तो केव्हा काढला, कोठे काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला, ही मूळ फोटोत दडलेली माहितीही गळून पडते. मुंजीचा मूळ फोटो आणि मावशींकडून व्हॉट्‌सॲपवर परत आलेला तोच फोटो आपल्या डोळ्यांना एक, पण संगणकाला सर्वस्वी भिन्न. त्याच्या नावात जी तारीख दिसते ती निरोप गेल्या-आल्याची असते, कार्याची नव्हे. तीवर विसंबून अल्बम लावला तर मुंज आधी आणि ग्रहमख नंतर, असा प्रकार घडावयाचा!

अशी जुळी भावंडे हुडकण्यासाठी उपरोक्त प्रोग्रामांत चित्रसाम्य पाहण्याची सोय असते. चित्राचे अगदी लहानसे रूप करून त्यातील उजेड-सावलीच्या ठेवणीवरून ते साम्य ताडतात. परंतु येथे निर्णय यंत्रावर सोडू नये. ओळीने काढलेल्या चार फोटोंत यंत्राला चारही सारखे वाटतात. त्यांतल्या तिसऱ्यात आजोबा हसले आहेत हे आपल्यालाच दिसते.

आम्ही यासाठी साधा नियम केला. सारख्या दिसणाऱ्यांपैकी मोठ्या आकारमानाचा, मूळ कॅमेऱ्यातून आलेला फोटो ठेवावयाचा. संशय आला तर दोन्ही ठेवावयाचे. संशयाला जागा थोडीच लागते, पश्चात्तापाला फार लागते.

जुन्या मराठी मजकुराच्या बाबतीतही असाच सांभाळ करावा लागतो. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या निरनिराळ्या व्यवस्थांत टंकलिखित केलेली पत्रे आणि कुलवृत्तांताचे कच्चे खर्डे पुष्कळ घरी असतील. तो फाँट संगणकात नसला की उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसते. ‘बिघडलेली फाइल’ म्हणून ती पुसण्याचा मोह होतो. ती बिघडलेली नसते. तिला वाचणारा चष्मा आपल्यापाशी नसतो, एवढेच. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे, आणि रूपांतर ताडून होईतो मूळ फाइल मुळीच पुसू नये.

कोणती प्रत ठेवावी?

दोन प्रती अक्षरशः एक ठरल्यावर कोणतीही ठेवली तरी काय बिघडले, असे आम्हांस वाटे. ते तितकेसे खरे नाही.

आमच्याकडे एक फोटो दोन ठिकाणी होता. एक ‘नवीन फोल्डर (३)’मध्ये, दुसरा ‘२००६ देवास आजोळचा वाडा विकण्यापूर्वी’ या फोल्डरात. आतले चित्र बाइटाबाइटाने एकच. पण पहिला ठेवून दुसरा पुसला असता तर त्या पडक्या ओसरीचा फोटो कुणाच्या वाड्याचा, हे दहा वर्षांनी सांगणार कोण? ज्ञान चित्रात नव्हते, फोल्डरच्या नावात होते.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक आपले नाव, गाव, शक, तिथी लिहून ठेवी. पोथीतला मजकूर अन्यत्रही सापडेल, पण ती कुणी, कोठे आणि केव्हा उतरविली हे त्या चार ओळींतच सापडते. फोल्डरचे नाव ही आपली पुष्पिका होय. म्हणून जी प्रत पुष्पिकेसह आहे ती ठेवावी, निनावी असेल ती काढावी. दोन्ही फोल्डरांच्या नावांत काही ना काही माहिती असेल तर ती एकत्र करून घ्यावी.

प्रती ताडणे हे तसे पाहता आपल्या ओळखीचेच काम आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्या काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना १२५९ हस्तलिखिते विचारात घेतली. १९१९ मध्ये आरंभिलेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या पंडितांनी एखादी पोथी ‘दुसरी प्रत’ म्हणून न उघडताच बाजूस टाकली नाही. कारण दुसऱ्या प्रतीतच एखादे वेळी पहिलीत गळालेली ओळ सापडते. घरच्या डिस्कला एवढा मान द्यावयाचे कारण नाही, पण उघडून पाहण्यापुरता तरी द्यावयास हवा होता, हे आम्हांस उशिरा उमगले.

जेथे हात लावू नये

काही प्रती मुद्दाम केलेल्या असतात. त्या प्रोग्रामने दाखविल्या तरी काढू नयेत.

लग्नाच्या डीव्हीडीचा फोल्डर उघडला तर त्यात ‘आयएफओ’ आणि ‘बीयूपी’ अशा शेपटांच्या छोट्या फाइलींच्या जोड्या दिसतात. दुसरी ही पहिलीची तंतोतंत प्रत असते. तबकडीवर पहिलीची जागा खराब झाली तर यंत्राने दुसरीवरून काम चालवावे, म्हणून ती जन्मतःच सोबत दिलेली असते. ती काढून मिळणारी जागा नगण्य, आणि जोखीम मात्र सबंध लग्नाची!

ॲपलच्या संगणकांतील ‘टाइम मशीन’सारखी व्यवस्था जेथे आपोआप राखीव प्रती ठेवते तेथेही हात घालू नये. तिच्या जुन्या पद्धतीत एकच फाइल अनेक तारखांच्या फोल्डरांत दिसते, पण डिस्कवर ती एकदाच जागा व्यापते. तेथे पुसापुशी केली तर जागा मिळत नाही आणि घडी मात्र विसकटते. एखाद्या प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरातल्या फाइलींनाही हाच न्याय लावावा.

आम्ही काम कसे केले

प्रथम २ टेराबाइटची नवी डिस्क आणली आणि जुनीतला सर्व ऐवज, पसाऱ्यासकट, तिच्यावर उतरविला. सफाई केली ती या नव्या डिस्कवर. जुनी होती तशी बाजूला ठेवली. घरात एकच प्रत असताना तिच्यावर सफाई करणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणे होय. शिवाय अशा बहुतेक डिस्कांत फिरत्या तबकड्या असतात. जुनी झालेली डिस्क तासन्‌तास चालविली तर ती मध्येच मान टाकण्याचा संभव असतो.

त्यानंतर प्रोग्राम रात्री लावला. सकाळी पाहिले तो तीन फाइलींमागे जवळजवळ एक फाइल जादा. सौ. म्हणाली, ‘म्हणजे आपण तिसरा हिस्सा भाडे उगीचच भरत होतो म्हणा.’

जादा ठरलेल्या फाइली आम्ही पुसल्या नाहीत. ‘निरोपाच्या’ नावाचा एक फोल्डर करून त्यांची तेथे रवानगी केली आणि महिनाभर तशाच राहू दिल्या. त्या अवधीत कुणी काही मागितले तर परत आणता यावे, हा हेतू. दोन फाइली परतही आणाव्या लागल्या. शब्द ज्यांत आहेत त्या ध्वनिफिती सौ.ने आणि आम्ही मिळून, आरंभ, मध्य आणि शेवट असे ऐकूनच हलविल्या. त्याला आठ संध्याकाळ लागल्या. त्या आठ संध्याकाळी दूरदर्शन संच बंद होता आणि घरात वीस वर्षांपूर्वीची माणसे बोलत होती.

महिन्यानंतर तो फोल्डर पुसला. उरलेल्यास सालवार आणि कार्यवार नावे दिली.

आकडेमोडीची एक शंका पुष्कळांना पडते, म्हणून जाता जाता सांगतो. १ टेराबाइटची डिस्क विंडोजच्या संगणकावर ९३१ गीगाबाइटांचीच दिसते. दुकानदाराने मापात पाप केलेले नसते. उत्पादक हजारांच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, त्याचा हा फरक. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क विक्रीस आणली तेव्हा तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलचा एखादा फोटो एकटाच तेवढी जागा खातो. जागा एवढी स्वस्त झाली म्हणूनच आपण निवडावयाचे सोडून दिले असावे.

प्रती किती असाव्यात?

एवढी सफाई केल्यावर एकच प्रत उरवावयाची काय? मुळीच नाही. छायाचित्रकार आणि संगणकज्ञ यांच्यात एक सुटसुटीत दंडक रूढ आहे. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. एकाच डिस्कवर पाच फोल्डरांत पडलेल्या पाच प्रती या दंडकाच्या हिशेबी एकच होत. डिस्क हातातून पडली की पाचही एकदम जातात. पसारा आणि जपणूक यांतला भेद हाच, की पसाऱ्यातली प्रत कोठे आहे हे आपल्यास ठाऊक नसते.

‘घराबाहेर’ या शब्दाने मात्र आपल्यासारख्यांना अडचण पडू नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पुणे. कोणत्या गावी आपले माणूस नाही? आम्ही आता दोन डिस्का ठेवल्या आहेत. एक येथे असते, दुसरी आक्काकडे. भाऊबीजेला आम्ही ग्वाल्हेरला जातो तेव्हा येथली वर्षभराची भर घातलेली डिस्क तिला देतो आणि तिच्याकडची घेऊन येतो. निवडक फोटो आणि आईंच्या तिन्ही बैठका पुतण्याने इंटरनेटवरील भाड्याच्या जागेतही ठेवून दिल्या आहेत. त्याची कुलूपकिल्ली कागदावर लिहून दस्तऐवजांच्या पाकिटात घातली आहे, आणि ती तेथे आहे हे घरातल्या तिघांना सांगून ठेवले आहे.

गेल्या भाऊबीजेला ओवाळणीच्या तबकात आम्ही साडीवर ती डिस्क ठेवली. आक्काने चष्मा लावून तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, ‘आधी ती आईची दुसरी बैठक लाव. किती मिनिटांची आहे म्हणालास?’

‘एकवीस,’ आम्ही म्हटले.

ती ऐकत बसली. आवाज थांबला तेव्हा तिने तो अर्धवट चरण पुन्हा एकदा स्वतःशी म्हटला, आणि क्षणभर थांबून त्यापुढचा चरण म्हणून दाखविला. तो आईंनी त्या दुपारी म्हटला होता तोच का, हे कोण सांगणार? आक्का देवासला आजोळी राहिलेली. तेथे जात्यावर तिने तो तसा ऐकला होता.

आम्ही मोबाइल काढला आणि तिला पुन्हा म्हणावयास सांगितले. त्या फाइलीला नाव दिले ते असे: ‘आईची दुसरी बैठक, पुढील चरण, आक्काच्या तोंडून, ग्वाल्हेर, भाऊबीज २०२४’. आणि परतण्यापूर्वी तिच्या दोन प्रती केल्या.